तिसाव्या वर्षी पहिल्या बाकावर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१३ ऑक्टोबर १९०५. वार शुक्रवार. पॅरिसमध्ये अव्हेन्यू द ला ग्रांद आर्मे नावाचा एक मोठा रस्ता आहे. त्या रस्त्यावरच्या टपालपेटीत तीस वर्षांच्या एका गृहस्थानं काही पत्रं टाकली. एक आईवडिलांना, काही जवळच्या मित्रांना. मजकूर साधारण एकच : येत्या हिवाळ्याच्या सत्रापासून मी वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी म्हणून जाणार आहे आणि पुढे डॉक्टर होऊन आफ्रिकेत जाणार आहे. एका पत्रात नोकरीचा राजीनामाही होता.

हे गृहस्थ म्हणजे आल्बर्ट श्वाइत्झर. आपल्याकडे सुमती देवस्थळे यांच्या मराठी चरित्रामुळे हे नाव अनेक घरांत पोचलं. पण श्वाइत्झर म्हटलं की आपल्याला आठवतो तो पांढऱ्या मिशांचा, डोक्यावर टोपी घातलेला, आफ्रिकेतला म्हातारा डॉक्टर. मला आज बोलायचंय ते त्याच्या आधीच्या माणसाविषयी. तिशीत अर्ज घेऊन कॉलेजच्या दारात उभा राहिलेल्या माणसाविषयी.

तिशीतल्या या माणसाकडे काय नव्हतं? तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट होती, धर्मशास्त्राची पदवी होती. स्ट्रासबुर्ग विद्यापीठात ते शिकवत होते. हे शहर तेव्हा जर्मनीत होतं, हे लक्षात ठेवायला हवं. तिथल्याच एका धर्मशास्त्र विद्यालयाचे ते प्राचार्य होते. चर्चमध्ये प्रवचनं देत. ऑर्गन वाजवण्यात त्यांचं नाव युरोपभर होऊ लागलं होतं, आणि बाख या संगीतकारावरचा त्यांचा फ्रेंच ग्रंथ त्याच वर्षी बाहेर पडला होता. आपल्याकडच्या भाषेत बोलायचं तर माणूस चांगला 'सेटल' झालेला होता.

एकविसाव्या वर्षी त्यांनी मनाशी एक हिशेब मांडला होता : तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि कला, त्यानंतर माणसांची प्रत्यक्ष सेवा. सेवा कोणती ते ठरलेलं नव्हतं. अनाथ मुलांसाठी काही करता येईल का, भणंगांसाठी काही करता येईल का, असे दोन-तीन प्रयत्न करून झाले, पण कुठे जमलं नाही. मग १९०४च्या शरद ऋतूत टेबलावर एक मासिक पडलेलं दिसलं. पॅरिसच्या एका मिशनरी संस्थेचं, हिरव्या मुखपृष्ठाचं. त्यात गॅबनच्या भागात माणसं कमी पडताहेत असा लेख होता. लेख वाचून संपला आणि शोधही संपला, असं त्यांनीच पुढे लिहिलं आहे.

पण तिथे धर्मोपदेशक म्हणूनही जाता आलं असतं. त्याचं शिक्षण तर झालेलंच होतं. मग सहा-सात वर्षांचा हा वनवास कशासाठी? त्यांचं उत्तर मला फार आवडतं. इतकी वर्षं मी शब्दांनीच काम केलं, आता मला न बोलता काम करायचं आहे, असा त्याचा आशय. आयुष्यभर वर्गात बोलत आलेल्या माझ्यासारख्याला ते जरा झोंबतंसुद्धा!

पत्रं पोचली आणि गहजब झाला. नातेवाईक म्हणाले, स्नेही म्हणाले, हे म्हणजे हातातलं सोनं मातीत पुरणं. आफ्रिकेतल्या रोग्यांबद्दल कळवळा आहे ना, मग इथेच व्याख्यानं दे आणि पैसे जमव, त्यानं जास्त काम होईल, असाही सल्ला एका बाईंनी दिला. त्यांचे ऑर्गनचे गुरू विदोर यांचं श्वाइत्झरवर मुलासारखं प्रेम. तेही रागावले. सेनापतीनं बंदूक खांद्यावर टाकून गोळीबाराच्या रांगेत जाऊन उभं राहावं तसं तू करतोयस, असं त्यांचं म्हणणं. उपमा चांगली आहे, आणि खरं सांगायचं तर युक्तिवादही वाईट नाही. तिशी-पस्तिशीत डॉक्टर व्हायचं मनात आणणाऱ्या कुणालाही आजसुद्धा हेच ऐकावं लागतं. शब्द तेवढे वेगळे.

आता प्रवेशाची गंमत पाहा. वैद्यकीय शाखेचे अधिष्ठाता होते प्राध्यापक फेलिंग. श्वाइत्झर त्यांच्याकडे नाव नोंदवायला गेले, तेव्हा त्यांना खरं तर या माणसाला मनोविकारांच्या प्राध्यापकाकडे पाठवावंसं वाटलं! दुसरी अडचण कागदोपत्री होती. श्वाइत्झर त्याच विद्यापीठात शिक्षक. शिक्षकाला विद्यार्थी म्हणून नाव नोंदवता येत नाही. नुसता श्रोता म्हणून वर्गात बसला तर परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे माणूस लायक, जागाही आहे, पण नियमात त्याच्यासाठी रकानाच नाही. अखेर सरकारनं तोड काढली. प्राध्यापकांनी 'हा आमच्या तासांना बसला होता' असे दाखले द्यावेत आणि त्यांच्या आधारे परीक्षेला बसू द्यावं. प्राध्यापकांनीही आपला सहकारी म्हणून त्यांच्याकडून फी घेतली नाही.

मी हे जरा विस्तारानं सांगतो आहे, कारण उशिरा वैद्यकीकडे वळलेल्या माणसांची चरित्रं वाचताना मला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली आहे. ही माणसं पुढच्या दारानं फार क्वचित आत आली. पुढचं दार शाळेतून थेट येणाऱ्यांच्या मापाचं केलेलं असतं. यांच्यासाठी कुणीतरी बाजूचं दार किलकिलं करून दिलेलं असतं. ते लाच किंवा वशिल्याचं दार नव्हे. या माणसाचं काय करायचं हे नियमांत लिहिलेलं नाही, तर आपण विचार करून ठरवू, असं म्हणणाऱ्या माणसांचं ते दार.

१९०५च्या ऑक्टोबरअखेर, दाट धुक्यात, श्वाइत्झर शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या तासाला गेले. हा माझाही विषय. तीसेक वर्षं मी तो शिकवला. अठरा वर्षांचं पोर धमन्यांच्या शाखा पाढ्यासारख्या पाठ करतं. तिशीतल्या माणसाला ते तसं जमत नाही. श्वाइत्झरनाही आपली स्मरणशक्ती पूर्वीची राहिली नाही हे जाणवलं होतं. आणि त्यांनी आधीची कामं तरी कुठे सोडली होती? तासांना बसायचं, धर्मशास्त्र शिकवायचं, जवळजवळ दर रविवारी प्रवचन द्यायचं, ऑर्गनच्या कार्यक्रमांसाठी पॅरिसला आणि पार बार्सिलोनापर्यंत जायचं. शिवाय बाखवरचा ग्रंथ जर्मनमध्ये नव्यानं लिहायचा. तो १९०८ साली आला, मूळ फ्रेंचपेक्षा पुष्कळ मोठा होऊन. या वर्षांतल्या थकव्याबद्दल त्यांनी लिहिलं आहे. शौर्याचा आव न आणता, नुसतं थकवा म्हणून लिहिलं आहे.

१९०८ साली पहिली मोठी परीक्षा आली. या महापंडितानं ठरवलं होतं की आपण शुद्ध शास्त्राचा अभ्यास करायचा, परीक्षेपुरता करायचा नाही. शेवटचे काही आठवडे उरले तेव्हा वर्गातल्या पोरांनी त्यांना धरून आपल्या घोकंपट्टीच्या मंडळात बसवलं. कोणते प्राध्यापक दरवर्षी काय विचारतात आणि त्यांना कोणतं उत्तर आवडतं, याच्या नोंदी विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेल्या होत्या. म्हणजे आपला 'अपेक्षित प्रश्नसंच'च की! परीक्षा अपेक्षेहून चांगली गेली. हा प्रसंग मी पहिल्या वर्षाच्या मुलांना नेमानं सांगत असे. त्यांना त्यातून काय बोध व्हायचा ते मी सांगायला नको.

शेवटच्या परीक्षेची फी त्यांनी ऑर्गन वाजवून मिळवली. म्युनिकच्या संगीत महोत्सवात विदोर यांची नवी रचना वाजवली, संचालन स्वतः विदोर यांचं. रागावलेल्या गुरूच्या कार्यक्रमातून डॉक्टरीची फी निघाली. पुढचा प्रबंध मानसोपचाराच्या क्षेत्रातला होता. येशू मनोरुग्ण होता असं म्हणणाऱ्या काही डॉक्टरांचं त्यात खंडन होतं. अधिष्ठात्यांना ज्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावंसं वाटलं होतं, तो या वाटेनं तिथे पोचला!

आणि एवढं करूनही मिशनरी संस्था त्यांना घ्यायला तयार नव्हती. त्यांची धर्ममतं तिला पटण्यासारखी नव्हती. तेव्हा ते म्हणाले, मी फक्त डॉक्टर म्हणून येतो, बाकी माशासारखा गप्प राहीन. मार्च १९१३ मध्ये ते आणि पत्नी हेलेने निघाले. हेलेने यांनी या कामासाठी परिचारिकेचं शिक्षण घेतलं होतं. त्यांचं नाव अशा भाषणांत एका वाक्यात उरकलं जातं, म्हणून मुद्दाम थांबून घेतो. माणूस मधल्या वयात वाट बदलतो तेव्हा तो एकटा बदलत नाही, घर बदलतं. हेलेने यांची प्रकृती त्या हवेत टिकली नाही. पुढे कितीतरी वर्षं त्यांना नवऱ्यापासून दूर युरोपात राहावं लागलं.

ओगोवे नदीकाठच्या लांबारेनेत पहिला दवाखाना उघडला तो कोंबड्यांच्या एका पडक्या खुराड्यात. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे दोन हजार रोगी आले. श्वाइत्झर १९६५ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तिथेच वारले. मधल्या काळात काही खंड पडले, युद्धात कैद झाली. तरी अडतिसाव्या वर्षी सुरू झालेलं हे काम पन्नास वर्षांहून जास्त चाललं. त्यांच्यावर टीकाही झाली आणि ती सगळी खोटी नव्हती. आफ्रिकेतल्या माणसाला भाऊ म्हणायचं पण धाकटा भाऊ म्हणायचं, ही त्यांची दृष्टी पुढच्या पिढीला खुपली. इस्पितळाच्या जुनाट पद्धतींवरही बोट ठेवलं गेलं. १९५२चं शांततेचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. त्या पैशांतून त्यांनी कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभी केली.

कुष्ठरोगाचं नाव निघालं की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे वरोरा येतंच. बाबा आमटे वकील. वरोऱ्याला वकिली करत होते, नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. पावसात पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णाला पाहून ते घाबरले आणि त्या भीतीनंच त्यांची वाट बदलली, ही हकिकत आपल्याला पाठ आहे. मला त्यातला पुढचा, कमी सांगितला जाणारा भाग महत्त्वाचा वाटतो. नुसती करुणा पुरणार नाही, हा रोग शिकावा लागेल, हे त्यांनी ओळखलं. पस्तिशीच्या आसपासचा हा वकील कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करायला गेला. डॉक्टरीची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. पण सल्फोन गटातली नवी औषधं हाती येत होती त्याच काळात, उपचार शिकून घेतलेला हा माणूस वरोऱ्याला परतला, आणि मग आनंदवन उभं राहिलं. तिथे वसाहतीची आखणी, शेती, कुष्ठरुग्णांच्या हाताला काम हे जे दिसतं, त्यात मला वकिलीही दिसते. रोग्याला औषधाबरोबर हक्क मिळाला पाहिजे, हे वकिलाला लवकर सुचतं.

ही आधीच्या धंद्याची शिदोरी फार कामाची असते. मी शिकवत असताना आमच्या एका तुकडीत बी.एस्सी. होऊन आणि काही वर्षं शाळेत मास्तरकी करून आलेला एक विद्यार्थी होता. वर्गातली मुलं त्याला 'काका' म्हणायची. पाठांतरात काका नेहमी मागे. पण शवविच्छेदनाच्या टेबलाशी 'ही नस इथूनच का जाते?' हे विचारणारा तो एकटाच असायचा. पुढे त्यानं तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला. मी एकदा गेलो होतो. तपासणीच्या खोलीत भिंतीवर चक्क फळा! दम्याच्या रोग्याला तो खडूनं फुप्फुसं काढून दाखवत होता. रोगी मान डोलावत होता. मी तीस वर्षांत शेकडो डॉक्टर घडताना पाहिले, फळा एकाच्याच दवाखान्यात पाहिला.

आता इंग्लंडमधल्या एका बाईंची गोष्ट. त्यांनी तर एक नाही, दोन कामं मागे टाकली. सिसिली सॉन्डर्स, जन्म १९१८. ऑक्सफर्डला शिकत असताना महायुद्ध सुरू झालं, म्हणून शिक्षण सोडून त्या लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यानं ते काम सुटलं. मग त्या इस्पितळात रोग्यांच्या घरच्या अडचणी पाहणाऱ्या समाजसेविका झाल्या. तिथे त्यांना डेव्हिड टास्मा भेटला. पोलंडमधून आलेला ज्यू निर्वासित, कर्करोगानं मरणपंथाला लागलेला, लंडनमध्ये आपलं म्हणावं असं कुणी नाही. मरणाऱ्या माणसाला नीट मरता येईल अशी एखादी जागा असावी, याबद्दल दोघं बोलत बसत. १९४८ साली तो गेला. जाताना पाचशे पौंड ठेवून गेला : तुमच्या त्या घराला माझी एक खिडकी असू दे.

घर कुठेच नव्हतं. होती ती फक्त खिडकी!

सॉन्डर्सबाई संध्याकाळी मरणासन्न रोग्यांच्या एका इस्पितळात सेवेला जात. तिथे त्यांनी पाहिलं की वेदनाशामक औषध रोग्यानं विव्हळेपर्यंत रोखून न धरता घड्याळाच्या काट्यावर दिलं जातं, आणि रोगी शांत असतो. त्यांना वाटलं, आपण पुन्हा परिचारिका व्हावं. नॉर्मन बॅरेट नावाचे शल्यविशारद त्यांच्या ओळखीचे होते. ते म्हणाले, त्यानं काही होणार नाही, तुमचं कुणी ऐकणार नाही. जा आणि डॉक्टरी शिका. मरणाऱ्याला सोडून जातात ते डॉक्टरच. बॅरेट यांनी नुसता सल्ला दिला नाही, प्रवेशासाठी शब्दही टाकला. पुन्हा ते बाजूचं दार. १९५१ साली, तेहतिसाव्या वर्षी, सॉन्डर्सबाई सेंट थॉमसच्याच वैद्यकीय शाळेत विद्यार्थिनी झाल्या आणि १९५७ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

पुढे त्यांनी तोंडानं द्यायच्या मॉर्फिनचा पद्धतशीर अभ्यास केला. रोग्याची वेदना शरीराची असते तशी मनाची, पैशाची, एकटेपणाचीही असते, असं त्यांनी मांडलं. परिचारिकेनं पाहिलेलं आणि समाजसेविकेनं ऐकलेलं डॉक्टरच्या सहीनं बाहेर आलं, तेव्हा कुठे जगानं ते मानलं. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झालं. टास्माच्या खिडकीला घर मिळायला एकोणीस वर्षं लागली. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं, पुढे गोव्यात लोटलीलाही त्याची शाखा निघाली. त्यामागची कल्पना त्या खिडकीपर्यंत मागे जाते.

मग प्रश्न येतो तो आपल्या देशाचा. अमेरिकेत आधी एक पदवी घेऊनच डॉक्टरीकडे जातात. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठानं १९९६ साली आणि लंडनच्या सेंट जॉर्जेसनं २००० साली पदवीधरांसाठी वेगळी वाट काढली. आपल्याकडे उलट झालं. २०१८ साली 'नीट' परीक्षेला वयाची वरची मर्यादा आली : खुल्या गटाला पंचवीस, राखीव गटांना तीस. दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं निकाल लागेपर्यंत मोठ्या वयाच्या उमेदवारांना अर्ज भरायची मुभा दिली. अखेर मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाचा निर्णय जाहीर झाला आणि ती मर्यादा गेली.

मर्यादेच्या बाजूनं जो मुद्दा मांडतात तो मला हसण्यावारी नेता येत नाही. सरकारी जागेवर जनतेचा पैसा खर्च होतो. चाळिशीतल्या माणसानं प्रवेश घेतला तर साडेपाच वर्षं एम.बी.बी.एस.ची, पुढे तीन वर्षं विशेष शिक्षणाची, म्हणजे पन्नाशी आली. तीच जागा अठरा वर्षांच्या मुलीला मिळाली तर ती पस्तीस-चाळीस वर्षं सेवा देईल. २०२० साली ओडिशातले एक निवृत्त बँक अधिकारी चौसष्टाव्या वर्षी ही परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी महाविद्यालयात दाखल झाले. तेव्हा कौतुक झालं तसा हा प्रश्नही विचारला गेला. चौसष्टाव्या वर्षाबद्दल मी स्वतःही अडखळतो. पण तिशी-पस्तिशीबद्दल नाही. वर्षांची वजाबाकी करायची तर ती सगळ्यांचीच करावी लागेल. पदवी घेऊन परदेशी गेलेल्यांची, डॉक्टरी सोडून दुसऱ्याच परीक्षा देऊन बसलेल्यांची. ती कुणी करत नाही.

शिवाय २०२२च्या निर्णयानं दार उघडलं असलं तरी ते पुढचंच दार आहे, आणि तिथे वीस लाखांहून जास्त उमेदवारांची रांग आहे. दिवसा नोकरी करणारी पस्तिशीतली परिचारिका आणि दोन वर्षं कोटा-लातूरला राहून फक्त प्रश्न सोडवणारा मुलगा यांना तीन तासांचा तोच पेपर. तिनं पंधरा वर्षं वॉर्डात काढली, याला एकही गुण नाही. श्वाइत्झरना पोरांनी मंडळात बसवून घेतलं होतं. हिला कोण घेणार? प्राध्यापकांचे दाखले किंवा बॅरेटसाहेबांचा शब्द आपल्या पद्धतीत बसत नाही, आणि आपल्याकडे अशा शब्दांचं काय होतं ते माहीत असल्यानं तो बसू नये हेही मला कळतं. तरी लंडनमध्ये केलं तसं, थोड्या जागांपुरतं, आरोग्यसेवेत आधी काम केलेल्यांसाठी उघड नियमांनी वेगळी परीक्षा घेता येईल. निदान परिचारिकांपासून सुरुवात करता येईल.

तूर्त अर्जात जन्मतारखेचा रकाना आहेच. आता तो एवढंच पाहतो, की प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत उमेदवाराला सतरा पूर्ण होताहेत ना.